मल्लापूरचा देव आणि व्यंकोजींचा शिलालेख

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. तिथे गेलेल्या मराठी माणसाला कोणी ना कोणी सांगतेच, की हे तुमच्या शिवाजी महाराजांच्या भावाने बांधले. छापील माहितीतही तेच असते. ऐकणाऱ्याला बरे वाटते, तो हात जोडतो, फोटो काढतो आणि पुढे निघतो. मात्र या देवळाच्या परिसरातला 1669 चा शिलालेख जे सांगतो ते थोडे वेगळे आहे, आणि माझ्या मते ऐकीव गोष्टीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

आधी नावाविषयी. मराठी कानाला 'काडु' ऐकून 'कडू' आठवते, पण कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. रानातला मल्लेश्वर, म्हणजेच मल्लिकार्जुन. आज त्याच्याभोवती बेंगळुरूच्या सर्वांत गजबजलेल्या वस्त्यांपैकी एक आहे. रान उरले आहे ते नावांत. जवळच्या एका रस्त्याचे नाव संपिगे, म्हणजे आपला सोनचाफा. दुसऱ्याचे मार्गोसा, म्हणजे कडुनिंब. त्यामुळे 'कडू'ची चूक अगदीच वाया जात नाही. देवळाच्या आवारात मात्र जुनी झाडे आहेत, त्यांच्या बुंध्यांशी नागशिळा ओळीने मांडलेल्या आहेत, आणि पायऱ्या चढून आत गेले की रस्त्याचा आवाज कमी होतो.

मोठ्या शहराच्या पोटात देव आणि रान एकत्र टिकवणे सोपे नसते. जपानमध्ये शिंतो देवस्थानाभोवतीच्या राईला मान असतो. तोक्योतले मेइजी जिंगू 1920 साली उभे राहिले तेव्हा देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडे लावून तिथे मुद्दाम रान तयार केले गेले. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात मूळ इमारती जळाल्या, त्या 1958 मध्ये पुन्हा बांधल्या, रान राहिले. आपल्या देवराईमागेही हीच समजूत आहे: झाडे देवाची, कुऱ्हाड लावायची नाही. काडु मल्लेश्वराच्या वाट्याला असे नियोजन आले नाही. 1898 च्या प्लेगनंतर दाट पेठेतल्या लोकांना मोकळ्या हवेत वसवण्यासाठी म्हैसूर संस्थानाने इथे आखीव वस्ती केली. वस्तीला नाव देवाचे मिळाले आणि रान गेले.

आता शिलालेखाकडे. तो कन्नडमध्ये आहे. बेंजामिन राइस यांनी म्हैसूर संस्थानातले हजारो लेख गोळा करून 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे खंड काढले. त्यांतला बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड 1905 चा. या लेखातला मजकूर थोडक्यात असा: बेंगळुरूच्या महानाडूने विनंती केल्यावरून एकोजीराजांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिले. महानाडू म्हणजे त्या मुलखातल्या वतनदार-प्रतिष्ठितांची सभा, साधारण आपल्याकडच्या गोतसभेसारखी. एकोजी म्हणजे व्यंकोजी, शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे चिरंजीव.

हा लेख सावकाश वाचावा. त्यात गाव इनाम दिल्याची नोंद आहे, देऊळ बांधल्याची नाही. देव आधीपासून होता, आणि नुसता होता असे नव्हे, त्याच्यावरून गावाला मल्लापूर हे नाव पडण्याइतका रुळलेला होता. आजच्या इमारतीत व्यंकोजींच्या काळातले काम असेल, ती शक्यता मी नाकारत नाही. पण दगडावर आहे ते एवढेच: लोकांनी मागितले आणि राजाने दिले. मागणाऱ्यांचा उल्लेख देणाऱ्याच्या बरोबरीने आला आहे आणि भाषा मागणाऱ्यांची आहे.

हे 1669 मध्ये कसे घडले, ते समजायला तीस वर्षे मागे जावे लागते. केंपेगौडाने 1537 मध्ये वसवलेले बेंगळुरू 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते, आणि शहर त्यांच्याकडे जहागीर म्हणून आले. पुढे शेवटपर्यंत त्यांचे मुख्य ठाणे इकडेच राहिले. 23 जानेवारी 1664 रोजी होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. समाधी तिथेच आहे, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात. महाराष्ट्रातून तिकडे जाणारे अजूनही थोडेच.

शहाजीराजांचा बेंगळुरूचा दरबार कसा होता, याची साक्ष जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'त मिळते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी हा ग्रंथ संपादून 1922 साली छापला आणि त्याला लांबलचक प्रस्तावना जोडली. जयराम राजांसमोर आला तेव्हा त्याने बारा नारळ ठेवले, कारण त्याला बारा भाषांत कविता करता येत होती. कवितेतल्या बढाईला थोडी सूट द्यावी लागते. तरी ज्या दरबारात बारा भाषा येणे ही मिरवण्याची गोष्ट होती, त्याच दरबारात व्यंकोजी वाढले. राजा मराठी, धनी विजापूरचा आदिलशहा, रयत बहुतांशी कन्नड, तेव्हा दानपत्र कन्नडमध्ये निघाले यात नवल नाही. नवल आपल्याला वाटते, कारण आपण 'मराठ्यांचा शिलालेख' म्हटले की मराठी अक्षरे शोधतो.

आणखी एक धागा आहे. मल्लिकार्जुन हा श्रीशैलमचा देव, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. कर्नाटक-आंध्रात त्याच्या नावाची देवळे जागोजाग आहेत. भोसल्यांचे कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. 1677 च्या दक्षिण स्वारीत शिवाजी महाराज श्रीशैलमला गेले होते. म्हणजे बेंगळुरूच्या महानाडूने जो देव पुढे केला, तो राजाला परका नव्हता.

मराठी वाचकाला व्यंकोजी फारसे भेटत नाहीत, आणि भेटतात तेव्हा खाली मान घालून. 1677 मध्ये कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला दोघे भाऊ भेटले, वडिलांच्या मालमत्तेची वाटणी निघाली, आणि व्यंकोजी एका रात्री निघून गेले. मग लढाई झाली, मग तह. पुढे व्यंकोजी उदास झाले तेव्हा थोरल्या भावाने पत्र लिहून त्यांना झटकले. शाळेपासून आपल्याला हेच माहीत असते. पत्र उत्तमच आहे, पण त्यामुळे व्यंकोजी कायम पत्र ज्याला लिहिले तो माणूस होऊन बसले. 1669 मध्ये ते कोणाचे ऐकत होते, कोणाला काय देत होते, कोणत्या भाषेत कारभार करत होते, हे सांगणारा हा दगड आहे. तंजावर अजून त्यांच्या हाती आलेले नव्हते. ते आले 1676 च्या सुमारास. त्याआधीचे व्यंकोजी पाहायचे तर बेंगळुरूत यावे लागते.

तंजावरची तुलना इथे टाळता येत नाही. व्यंकोजींच्याच गादीवर बसलेल्या दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये तिथल्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो प्रचंड लेख आपण अभिमानाने दाखवतो, आणि दाखवावाच. पण त्यात राजघराणे स्वतःविषयी बोलते, तेही सत्ता इंग्रजांच्या हाती गेल्यावर. मल्लापूरच्या लेखात वंशाची कथा नाही. राज्य करणारा माणूस एका गावाचे उत्पन्न दुसऱ्या गावच्या देवाकडे वळवतो, एवढाच व्यवहार आहे. मला विचाराल तर इतिहासाच्या कामाला हा लेख अधिक येतो.

म्हणून 'हे आमच्या लोकांनी बांधले' हे वाक्य मला खटकते. ते खोटे आहे असे नाही. ते मूळ पुराव्याच्या पुढे जाते, आणि जाता जाता महानाडूला पुसून टाकते. ज्यांनी मागितले म्हणून देवाला गाव मिळाले, त्यांची नावनिशाणी आपल्या ऐकीव गोष्टीत उरत नाही. उलट बाजूने, सतराव्या शतकातल्या बेंगळुरूतला मराठी अंमल म्हणजे नुसती लुटालूट, असे मानणाऱ्यांनाही या दगडाला वळसा घालून जाता येणार नाही.

देवळासमोर दक्षिणमुख नंदीतीर्थ आहे. 1997 पर्यंत ते मातीखाली बुजलेले होते. त्या जागेवर खोदकाम झाले तेव्हा पायऱ्यांची कल्याणी, म्हणजे पुष्करणी, आणि दक्षिणेकडे तोंड केलेला नंदी वर आला. नंदीच्या मुखातून पाणी खालच्या पिंडीवर पडते आणि पुढे कल्याणीत उतरते. ते हजारो वर्षांचे असल्याचे तिथे बिनदिक्कत सांगितले जाते. अभ्यासकांचा अंदाज सुमारे चारशे वर्षांचा आहे. शिलालेखाचा काळ ध्यानात घेतला तर हा अंदाज सहज पटतो.

बेंगळुरू भोसल्यांकडे राहिले नाही. भावांच्या तहात शिवाजी महाराजांनी ते व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळी-बांगडीसाठी दिले, असे बखरी सांगतात. तंजावरहून ते सांभाळणे व्यंकोजींना जड जाऊ लागले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांशी तीन लाख रुपयांना विक्रीची बोलणी सुरू झाली. सौदा पुरा होण्याआधीच जुलै 1687 मध्ये मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले, आणि थोड्याच दिवसांत त्याच तीन लाखांना चिक्कदेवराजांच्या हवाली केले. त्या वेळी मल्लापूरच्या दगडावरचा लेख अठरा वर्षांचा होता.