बडोद्याचा शेतीचा वर्ग

आमच्या गावच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक माझे बालमित्र. परवा संध्याकाळी ते घरी आले ते एक कोरा फॉर्म घेऊनच. नववीच्या मुलांसाठी शेतीचा प्राथमिक वर्ग सुरू करायचा म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेतच हातच्या कामाचं शिक्षण द्यावं असं आहे, तेव्हा प्रस्ताव पाठवायला हरकत नाही. "तू सरकारी माणूस, तुला ही भाषा येते. एवढं लिहून दे," म्हणाले. मी बी.ए. इतिहास, आणि पोटासाठी कारकून. प्रस्ताव, टिपणी, शेरा ही माझी रोजची भाकरी. वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

पण 'उद्दिष्टे' या रकान्यापाशी पेन अडलं ते अडलंच. हा वर्ग शिकून मुलाने काय व्हायचं? शेतकरी? त्याच्या आईबापांना तसं सांगून पाहा! अधिकारी? मग शेती शिकवायची कशाला?

वाचकहो, हा पेच नवा नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बडोद्यात तो एका महाराजांपुढे उभा राहिला होता. फॉर्म बाजूला ठेवून आज ती हकिकत सांगतो.

मुलीच्या फाइन आर्ट्सच्या प्रवेशासाठी मी बडोद्याला गेलो होतो. ती परीक्षेला बसली आणि मी रिकामा हिंडत जुन्या बडोदा कॉलेजच्या इमारतीसमोर येऊन उभा राहिलो. चिझम या वास्तुशिल्पकाराने बांधलेला तो भला थोरला घुमट! आज तिथे विद्यापीठाची कला शाखा आहे. बडोदा कॉलेज म्हटलं की आपल्याला तिथे शिकवणारे अरविंद घोष आठवतात. पण याच कॉलेजात एके काळी शेतीचा वर्ग भरत असे, हे कुणाच्या लक्षात नाही. माझ्याही नव्हतं.

सयाजीराव महाराज मूळचे नाशिककडच्या कवळाणे गावचे. जन्म १८६३ चा. १८७५ साली दत्तक जाऊन ते बडोद्याच्या गादीवर आले, तोवर शेतकरी कुटुंबातला गोपाळ नावाचा मुलगा एवढीच त्यांची ओळख. १८८१ च्या अखेरीस राज्याचे अधिकार हाती आले, आणि तिथून पुढे त्यांनी शिक्षणाचा जो धडाका लावला तो सर्वश्रुत आहे. १८९० ला कलाभवन, १८९३ ला अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ ला तोच नियम सगळ्या राज्याला. राज्याचा वसूल जमिनीतून येतो, तेव्हा जमिनीचं शास्त्रही आलं पाहिजे, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळं सांगायला नको होतं.

शास्त्र आणायला माणूस हवा. त्यासाठी त्यांनी खासेराव जाधवांना राज्याच्या खर्चाने इंग्लंडला शेती शिकायला पाठवलं. हे खासेराव म्हणजे अरविंद बाबूंचे जिवलग स्नेही माधवराव जाधव यांचे बंधू. अरविंद काही काळ त्यांच्याच घरी राहत. तर खासेराव शेती शिकून परत आले, आणि पुढे त्यांचं काय झालं? ते महसुलाच्या कारभारात गेले आणि सुभा झाले! सुभा म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर. ज्या हातांनी नांगराचा फाळ पारखायचा, ते हात जमाबंदीच्या कागदांवर सह्या करू लागले.

यात खासेरावांना दोष देण्यासारखं काही नाही. त्याच दशकात बंगालचे द्विजेंद्रलाल राय सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले, सिरेन्सेस्टरच्या कॉलेजात शेती शिकले आणि १८८६ साली परतल्यावर डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले. पुढे नाटककार आणि कवी म्हणून ते अजरामर झाले ती गोष्ट वेगळी. पण शेतीचा पदवीधर म्हणून त्यांना शेतात जागा कुठे होती? जागा होती ती कचेरीत.

बडोद्यात शेतीचा वर्ग मात्र चालू झाला. १८८९ साली त्यासाठी थॉमस हडसन मिडल्टन नावाचा स्कॉटिश प्राध्यापक आला. हाही १८६३ सालीच जन्मलेला, म्हणजे महाराजांच्याच वयाचा. सव्वीस वर्षांचा हा तरुण १८९६ पर्यंत, तब्बल सात वर्षं, बडोदा कॉलेजात शेती शिकवत होता.

आता तो वर्ग डोळ्यांपुढे आणून पाहा. कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं, तेव्हा शिकवणं इंग्रजीत. दरबार आणि वरचे अधिकारी बरेचसे मराठी. आणि ज्याच्या शेतीसाठी हा सगळा खटाटोप तो शेतकरी गुजराती! त्याची गोराडू माती, काळ्या जमिनीतली कपाशी, पेटलादकडची तंबाखू, हे सारं ज्ञान गुजरातीत बोललं जायचं आणि कुठेच लिहिलं जायचं नाही. त्या वर्गात यायला आधी मॅट्रिक पास व्हावं लागे. म्हणजे ज्याने लहानपणापासून औत धरलं तो त्या दारापर्यंत पोचत नव्हता, आणि जो पोचत होता त्याने औत सोडून बरीच वर्षं झालेली असत.

हे एकट्या बडोद्याचं नव्हे. मुंबई इलाख्यात पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८७९ पासून शेतीचा वर्ग होता, आणि पुढे काही सरकारी हायस्कुलांनाही असे वर्ग जोडले गेले. मुलं येत, कारण शेतीची परीक्षा पास झालेल्याला महसूल खात्यात जागा मिळण्याची आशा असे. मिडल्टन बडोद्याला आला त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आले. त्यांचा अहवाल १८९३ साली छापला गेला. त्यातली एक गोष्ट आजही सगळे सांगतात. इथला चांगला शेतकरी विलायतेच्या सर्वसाधारण शेतकऱ्याला हार जाणारा नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. म्हणजे शिकायचं कुणाकडून, हाही प्रश्नच होता. पण बांधावरच्या माणसाला मास्तर म्हणून वर्गात बोलवावं, हे त्या काळी कुणाच्या मनात यायचं?

मिडल्टन १८९६ ला मायदेशी परतला. तीनच वर्षांनी गुजरातवर छप्पनियाचा दुष्काळ कोसळला. विक्रम संवत १९५६, म्हणून छप्पनियो. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ साली सुमारे २४ लाख होती, ती १९०१ साली साडेएकोणीस लाखांवर आली. एखादा वर्ग असता म्हणून पाऊस पडला नसता, तेव्हा या दोन गोष्टींची गाठ मारणं खुळेपणाचं. पण हे आकडे वाचताना माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही, की सात वर्षांत त्या घुमटाखाली जे शिकवलं गेलं त्यातलं गावच्या विहिरीपर्यंत किती पोचलं असेल?

आपल्या गोव्याचंही फार वेगळं नव्हतं. मडगावचे बेर्नार्दो फ्रांसिश्कु द कोश्त, 'उल्त्रामार' हे वृत्तपत्र काढणारे, यांनी १८७२ ते १८७४ च्या दरम्यान हिंदी शेतकऱ्यासाठी शेतीचं एक व्यावहारिक पुस्तक छापलं. केवढी कळकळ! पण पुस्तक पोर्तुगीजमध्ये. खाजनात कोरगुट पेरणारा माणूस ते वाचणार कसा? भाटकाराच्या दिवाणखान्यात ते नक्कीच वाचलं गेलं असेल.

आता घरचंच सांगतो. माझे आजोबा कूळ होते. १९७६ साली कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली, आणि कसेल त्याची जमीन या न्यायाने वायंगणाचा तो तुकडा आमच्या नावावर होण्याची वाट उघडली. त्या दिवशी आजोबा माझ्या वडिलांना म्हणाले होते, "शेत आमचें जालें. आतां तूं शीक आनी चिखलांतल्यान भायर सर." पिढ्यान्‌पिढ्या ज्या चिखलासाठी जीव टाकला, तो हाती येताच मुलाला त्यातून बाहेर काढायचं! लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. वडील बाहेर पडले, मी तर जन्मलोच बाहेर. सरद पिकतं कधी आणि वायंगण पेरतात कधी, एवढं मला सांगता येतं, पण ज्योती आणि जया यांचं रोप शेजारी शेजारी ठेवलं तर ओळखता यायचं नाही. शाळेत कार्यानुभवाचा तास होता. वर्षाच्या शेवटी तपासनीस येणार म्हणून आम्ही आदल्या दिवशी नर्सरीतून झेंडूची रोपं आणून वाफ्यात खोचली. पैकीच्या पैकी गुण मिळाले. रोपं तिसऱ्या दिवशी सुकली. मी कारकून होणार हे बहुधा तिथेच ठरलं.

असो. गोष्ट मिडल्टनची चालली होती, आणि तिचा शेवट अजून बाकी आहे.

विलायतेला गेल्यावर हा माणूस फार मोठा झाला. केंब्रिजला शेतीचा प्राध्यापक, पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या अन्नोत्पादन खात्यातला वरिष्ठ अधिकारी, पुढे 'सर'. आणि १९२६ साली तो पुन्हा हिंदुस्थानात आला, तो लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती कमिशनचा सभासद म्हणून. त्याच कमिशनवर पुण्याचे बी. एस. कामतही होते. बडोद्यात वर्ग घेणारा तरुण आता साठी ओलांडून, साऱ्या देशात शेती कशी शिकवावी याचा विचार करायला बसला होता.

कमिशनपुढे दोन नमुने होते. एक आपल्या मुंबई इलाख्यातला, पुण्याजवळच्या लोणीचा. शेतकऱ्यांच्या मुलांना वसतिगृहात ठेवून त्यांच्याच भाषेत शेती शिकवणारी स्वतंत्र शाळा. दुसरा पंजाबचा. तिथे वेगळी शाळा नाही. नेहमीच्याच शाळेला जमिनीचा तुकडा जोडायचा, नेहमीच्याच मास्तराला शेतीचं शिक्षण द्यायचं, आणि इतर विषयांच्या जोडीला शेती ठेवायची. १९२८ च्या अहवालात कमिशनने पसंती दिली पंजाबला. मुलगा गावातच राहतो, घरचं काम सुटत नाही, आणि शेती हा वेगळा शिक्का बसत नाही. सर थॉमसना त्या वेळी बडोद्याचा तो इंग्रजी वर्ग आठवला असेल का? मला आपलं वाटतं, आठवला असेल.

त्याच सुमारास अमेरिकेत एक पाऊल पुढे पडलं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थम्प्टनच्या शेती-शाळेत रूफस स्टिमसन या मुख्याध्यापकाने १९०८ पासून एक रीत घातली. मुलाने घरच्याच जमिनीवर एखादं पीक किंवा जनावर आपल्या जबाबदारीवर सांभाळायचं, हिशेब लिहायचा, आणि मास्तराने घरी जाऊन पाहायचं. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने हायस्कुलातल्या शेतीच्या वर्गांना केंद्राचा पैसा मिळू लागला, तेव्हा वर्षातले निदान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतकाम, अशी अटच त्यात होती. आदल्या दिवशी झेंडू खोचून ती पुरी होण्यासारखी नव्हती!

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं घ्या. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून १९८३ साली तिथे गेले आणि विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं. शेती-पशुपालन हा त्यातला एक भाग. शिवाय जे शिकलं त्याचा गावाला उपयोग करून द्यायचा. कलबाग २००३ साली गेले, पण तो अभ्यासक्रम अनेक शाळांत पोचला.

बडोद्याहून निघायच्या दिवशी रिक्षावाल्याशी बोलता बोलता 'मॉडेल फार्म' हे नाव कानावर आलं. आणंदच्या कृषी विद्यापीठाचं कडधान्य संशोधन केंद्र तिथे आहे. म्हणजे शेतीचं शास्त्र त्या शहरातून गेलेलं नाही. महाराजांचा हेतू खोटा नव्हता, मिडल्टनची विद्वत्ता खोटी नव्हती, खासेरावांची मेहनतही खोटी नव्हती. चूक एवढीच झाली, की वर्गाचं दार उघडताना ते कचेरीच्या बाजूला उघडलं. गेला तो तिकडेच गेला.

काल रात्री फॉर्म पुन्हा घेतला. 'उद्दिष्टे' या रकान्यात मी 'कुशल शेतकरी घडवणे' असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: प्रत्येक मुलाने घरचा, शेजाऱ्याचा किंवा पडीक असलेला एक वाफा मिरगापासून सुगीपर्यंत सांभाळावा, खर्च आणि उत्पन्नाची वही ठेवावी, शिक्षकाने महिन्यातून एकदा तिथे जाऊन पाहावं, आणि गावातल्या एका जाणत्या शेतकऱ्याला मानधन देऊन आठवड्याला एक तास बोलवावं. मुलगा पुढे डॉक्टर होवो, कारकून होवो की शेतकरी. निदान घरचं शेत विकायला काढताना, आपण काय विकतो आहोत हे त्याला कळेल.

मुख्याध्यापकांनी वाचलं आणि विचारलं, "मानधन कुठल्या हेडखाली दाखवायचं?"

तो रकाना फॉर्ममध्ये नव्हता. मी खाली हाताने रेघ मारून नवा केला. एवढी कारकुनी तरी मला येतेच. आणि पहिला वाफा कुठे घ्यायचा तेही सांगून टाकलं. आजोबांचा तो वायंगणाचा तुकडा गेली अकरा वर्षं पडीक आहे.