मस्तगडाखालचा परदेशी पोरगा

जालन्यातल्या मस्तगडाच्या दरवाजाशी उभे राहा आणि डोळे मिटा. 1973 च्या एप्रिलात, ऐन दुष्काळात जायचंय. तिकीट नाही, पण अट आहे: तुमचं मराठी इथंच ठेवून जायचं. परत आलात की मिळेल.

उघडा डोळे. तुम्ही आता विशीतले, स्कॉटलंडहून इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये सेवा करायला आलेले. नाकाची सालं निघालीत. मुंबईहून मनमाड, तिथं मोठी गाडी सोडून मीटर गेजची छोटी गाडी, आणि खिडकीतून शिरलेली मराठवाड्याची धूळ अजून कानात आहे. आपली पोरं हल्ली आफ्रिकेतल्या खेड्यांत कामाला जातात आणि तिथल्या गमती घरी येऊन रंगवून सांगतात. त्या वर्षी मजा आपण बघत होतो, फजिती पाहुण्यांची होत होती.

मागे कुंडलिका नदीचं पात्र आहे, पण त्यात दगडच जास्त. ही गढी 1725 मध्ये निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिल खानानं बांधली. आत आता नगरपालिकेचं दप्तर आहे आणि एक मोठी विहीर, जिच्या पोटात दालनं आणि सज्जे काढलेत. पाण्याशेजारी गारव्याला बसण्याची सोय करणारे लोक होते हे! तुम्हालाही तिथंच बसावंसं वाटतंय, पण मिशनवर वाट पाहतायत.

टांगेवाल्याला विचारता, "मिशन?" तो मान डावी-उजवीकडे हलवतो. नाही म्हणतोय, असं समजून तुम्ही पुढच्याकडे जाता. त्याचीही मान तशीच हलते. अख्खा टांगा अड्डा तुम्हाला नाही म्हणतो आणि तुम्ही ट्रंक डोक्यावर घेऊन उन्हात चालू लागता. मागून एक टांगा घोड्याला आवरत, तुमच्याच चालीनं येत राहतो. मालकाला कळत नाही, गिऱ्हाईक हौ म्हणल्यावर बसत काहून नाही.

जालन्यात स्कॉटिश मंडळी नवी नाहीत. स्कॉटिश चर्चच्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. पण या दुष्काळात मिशनचा जोर बोअरवर आहे. विहिरी आटल्यात, आणि खाली काळा पाषाण. सुरुंग लावून विहीर खणायची तर महिने जातात. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा बोअरच्या तळाशी जाऊन तोच खडक फार लवकर फोडतो. तुमचं काम म्हणजे त्या यंत्राच्या मागंपुढं पळणं.

पहिल्याच गावात तुम्ही नकाशा पसरता. गावकरी नकाशाकडे बघतच नाहीत. ते तळहातावर नारळ आडवा धरून शिवारातून चाललेल्या पाणाड्याच्या मागे निघालेत. नारळ उभा राहतो ती जागा त्यांची. तुमची जागा शंभर पावलांवर, मारुतीच्या पारामागं. सरपंच तोडगा काढतात: यंत्र मधोमध लावा. तुम्ही शास्त्र समजावू लागता, पण मराठी मस्तगडावर राहिलंय. हातवारे पाहून पोरं हसून लोळतात, आणि दुपारपर्यंत गावातलं प्रत्येक पोर तुमच्यासारखे हातवारे करत फिरतं.

यंत्र सुरू होतं. कॉम्प्रेसरच्या आवाजानं एक बैलजोडी दावं तोडून पळते. ती आणायला निम्मं गाव जातं. दगडाची भुकटी उडून तुम्ही पिठाच्या गिरणीतल्या गड्यासारखे पांढरे होता. संध्याकाळी आधी ओली माती येते आणि मग एकदम पाण्याचा फवारा, थेट तुमच्या तोंडावर. नारळ फुटतो, यंत्राला हळदकुंकू लागतं. बायका तुमच्याही कपाळाला कुंकू लावतात. ख्रिस्ती मिशनचा कार्यकर्ता कपाळभर मळवट घेऊन मुक्कामावर परततो, तिथल्या थोरांना काय सांगायचं याचा विचार करत.

जेवायला एका आजीच्या घरी. ताटात लालसर भाकरी. दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची मिलो ज्वारी ती, लोकांनी नाक मुरडत खाल्लेली. आजी तुमच्या गोऱ्या तोंडाकडे रोखून बघतात.

"तुमच्याच मुलखाची ना रे लेकरा ही मिलो? घे मग, तूच खा."

एवढं सुनावल्यावर त्याच आजी लपवून ठेवलेल्या खऱ्या ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढे सरकवतात. ठेच्याचा घास गेला की तुम्ही तांब्याकडे झेपावता. आणि मग लक्षात येतं, त्या तांब्यातलं पाणी दोन कोसांवरून डोक्यावर आलंय. हात आपोआप थांबतो. आजी तांब्या स्वतःच तुमच्या हातात देतात.

खरी परीक्षा पंपाची. तुमच्या आधी बसवलेले बिडाचे पंप एका घराच्या अंगणासाठी बनलेले. इथं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत हापसणाऱ्यांची रांग. जोडाच्या खिळी झिजतात, दांडा तुटतो, आणि गाव पुन्हा आटलेल्या विहिरीकडे वळतं. तुम्ही काँक्रीटचा ओटा घालून खुणेनं सांगता, काही दिवस हात लावू नका. सकाळी ओट्यावर वासराचे खूर उमटलेले, दांड्याला तीन पोरं लटकलेली आणि खांबाला एक म्हैस समाधानानं पाठ घासतेय.

हसू नका. ती म्हैस आणि ती पोरं याच पंपाचे खरे परीक्षक. जालन्याच्या मिशनमधल्या मंडळींनी बीड सोडून पोलाद घेतलं आणि अनेक सांध्यांच्या जागी एकच सांधा ठेवला. तो 'जालना पंप'. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशनशी मिळून त्याचा 'जलवाड' झाला. सोलापूरकरांनी दांड्याला साखळी जोडली, त्यामुळे आतली सळई सरळ वर-खाली होऊ लागली. हाच सोलापुरी पंप पायाशी धरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यानं 'इंडिया मार्क टू' घडवला, आणि सत्तरीचं दशक संपण्याआधी त्याचं उत्पादन सुरू झालं. श्रेय वाटताना इंजिनिअरांची नावं येतात. माझं मत विचाराल तर निम्मं श्रेय त्या रांगेतल्या बायकांचं, ज्यांनी आधीचा प्रत्येक पंप मोडून दाखवला.

परत या आता. मराठी घ्या, टांगेवाल्याचं भाडंही देऊन टाका. आणि घरातली मुलगी किंवा मुलगा युगांडात स्वयंसेवक म्हणून निघाला असेल, तर त्याला सांगा: तिथल्या खेड्यात 'यू टू' नावाचा हातपंप दिसेल. तो इंडिया मार्क टूचाच युगांडातला अवतार आहे. हापसायला जाऊन फजिती झालीच, तर तिथल्या पोरांना हसू द्यावं.