पुढच्या तबकडीचा अंदाज



इतिहासावर बोला, असे चालकांनी मला सांगितले तेव्हा गिरण्या, संप आणि करारनामे यांपलीकडे मी जाईन असे त्यांना वाटले नसावे. मी आज बोलणार आहे ते चित्रपटांच्या तबकड्या जमवणाऱ्या माणसांविषयी. त्यातही त्यांच्या एका छंदाविषयी. पुढच्या महिन्यात कोणत्या जुन्या चित्रपटाची तबकडी निघणार, याचे अंदाज बांधत ही माणसे बसतात. ऐकणाऱ्याला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. परंतु त्यांचे अंदाज कशावर उभे असतात हे पाहू लागलो, म्हणजे आपण चित्रपटाच्या इतिहासातल्या सर्वांत अंधाऱ्या खोलीत, रिळांच्या गोदामात जाऊन पोचतो.

घरी बसून चित्रपट पाहण्याची सोय फार जुनी नव्हे. व्ही.एच.एस.ची फीत 1976 साली जपानात बाजारात आली आणि 1978 च्या डिसेंबरात अमेरिकेत लेसरडिस्क नावाची, ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढी तबकडी विकायला निघाली. मोठ्या स्टुडिओंना नव्या, खपाऊ चित्रपटांत रस होता. जुना फ्रेंच वा जपानी चित्रपट काढून गल्ला किती भरणार? ही मोकळी जागा छोट्या प्रकाशकांनी धरली. त्यांत अग्रेसर ठरली ती क्रायटेरियन ही अमेरिकन संस्था. 1984 साली तिने ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ हे दोन चित्रपट लेसरडिस्कवर आणले. ‘किंग काँग’च्या तबकडीवर एक नवलाची गोष्ट होती. चित्रपट चालू असताना दुसऱ्या ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेव्हर हे अभ्यासक तो कसा तयार झाला ते सांगत होते. चित्रपटाला ग्रंथासारखी टीका जोडण्याची ही प्रथा इथून रुजली. पुढे इंग्लंडात ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’, ‘सेकंड रन’, ‘ॲरो’, ‘इंडिकेटर’ अशा मालिका आणि संस्था निघाल्या. डीव्हीडी आली, 2006 साली ब्लू-रे आली, 2016 साली त्याहून बारीक तपशील दाखवणारी फोर-के तबकडी आली. आणि 2021 साली क्रायटेरियनने आपल्या फोर-के तबकड्यांचा आरंभ केला तोही ‘सिटिझन केन’नेच.

आता अंदाजाची रीत सांगतो. क्रायटेरियन साधारणतः दर महिन्याच्या मध्याला पुढल्या काही महिन्यांनंतरची यादी जाहीर करते. प्रत्येक तबकडीच्या कण्यावर क्रमांक छापलेला असतो. यादीत मधलाच एखादा क्रमांक गाळलेला दिसला, की तो कोणासाठी राखून ठेवला यावर खल सुरू होतो. नव्या वर्षाच्या सुमारास संस्था आपल्या वाचकांना एक वेडेवाकडे रेखाचित्र पाठवते आणि त्यातल्या चित्रांत वर्षभराच्या चित्रपटांच्या खुणा दडवलेल्या असतात. संग्राहक भिंग घेऊन ते चित्र सोडवतात. ब्रिटनमध्ये 1984 च्या कायद्याने घरगुती चित्रफितींना वर्गीकरणाचा दाखला सक्तीचा झाला. प्रकाशकाने तोंड उघडण्यापूर्वीच तो दाखला मंडळाच्या नोंदीत झळकतो आणि गुपित फुटते. कान किंवा बोलोन्या येथील महोत्सवात कोणत्या जुन्या चित्रपटाचा जीर्णोद्धार दाखवला गेला, त्याचे हक्क कोणाकडे, ते केव्हा संपतात, हेही सारे ताडून पाहिले जाते.

हे सगळे मला मुळीच परके वाटले नाही. दिवाळीच्या तोंडावर बोनसचा आकडा जाहीर होण्याआधी कारखान्याच्या दारात जे चालते ते याहून वेगळे नसते. फाटकातून किती ट्रक बाहेर गेले, जादा पाळी किती आठवडे चालली, हिशेबनीस मान वर करून चालतो आहे की खाली घालून, यावरून आमचा कामगार आकडा काढतो आणि तो पुष्कळदा बरोबरही निघतो. ज्याच्या हाती निर्णय नाही तो खुणा वाचायला शिकतो. संग्राहकही असाच, पैसे त्याचे, निर्णय मात्र दुसऱ्याचा.

परंतु क्रमांक आणि रेखाचित्रे ही वरवरची गंमत झाली. खरा प्रश्न असतो तो मूळ निगेटिव्ह कोठे आहे हा. याचे उदाहरण क्रायटेरियनच्या डीव्हीडी मालिकेतल्या पहिल्याच क्रमांकाने घालून दिले. तो क्रमांक होता झां रेन्वार यांच्या ‘ला ग्रांद इल्युझियाँ’ या 1937 च्या युद्धविरोधी चित्रपटाचा. 1998 साली मालिकेतल्या पुढल्या क्रमांकांच्या तबकड्या दुकानांत आल्या, आणि क्रमांक एक मात्र गैरहजर! कारण असे, की तयारी चालली असता अस्सल निगेटिव्हपासून केलेली नवी प्रत मिळण्याजोगी झाली, म्हणून प्रकाशकाने थांबणे पसंत केले. तबकडी 1999 मध्ये निघाली.

त्या निगेटिव्हचा प्रवास एखाद्या युद्धकैद्यासारखा आहे. नाझींनी पॅरिस घेतल्यावर ते बर्लिनच्या सरकारी चित्रपटसंग्रहात नेले. फ्रान्समध्ये समजूत अशी, की बाँबफेकीत ते जळाले. बर्लिन पडल्यावर ते सोव्हिएत सैन्याच्या हाती लागून मॉस्कोला गेले. 1960 नंतरच्या दशकात मॉस्कोचा संग्रह आणि फ्रान्समधील तुलूझ शहराचा संग्रह यांच्यात चित्रपटांची देवाणघेवाण झाली, तीत ते स्वदेशी परत आले. पण जे जळाले असे सर्वांना ठाऊक होते ते शोधणार कोण? डबे तसेच पडून राहिले. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नायट्रेटची रिळे सरकारी गोदामाकडे हलवताना ते ओळखले गेले. रेन्वार 1979 सालीच वारले होते. 1958 साली त्यांनी मिळतील त्या प्रतींवरून आपल्या चित्रपटाची डागडुजी केली, तेव्हा अस्सल माल शाबूत आहे हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.

या कथेला एक शेपूट आहे. 2010 साली फ्रेंच हक्कधारकांशी असलेला करार संपला आणि क्रायटेरियनला आपल्या मालिकेचा हा पहिलाच क्रमांक विक्रीतून काढावा लागला. छोटा प्रकाशक हा कुळासारखा असतो. जमीन कसायची, बांध घालायचे, आणि मुदत संपली की उठायचे.

आता आपल्या देशाकडे वळतो. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ या तीन चित्रपटांची चांगली तबकडी निघावी अशी संग्राहकांची जुनी आस होती. 2011 मध्ये क्रायटेरियनने ‘जलसाघर’ काढला, 2013 मध्ये ‘महानगर’ आणि ‘चारुलता’ काढले. खुणा वाचणाऱ्याला आता अपूची पाळी आली असे म्हणायला हरकत नव्हती. परंतु वाटेत एक आग उभी होती. 1992 साली राय यांना मानाचे ऑस्कर देताना त्यांच्या चित्रपटांच्या प्रती किती खराब झाल्या आहेत हे लक्षात आले आणि निगेटिव्ह जतन करण्याची खटपट सुरू झाली. त्यासाठी ती लंडनला पाठवली. 1993 च्या जुलैमध्ये तिथल्या हेंडरसन लॅबोरेटरीला आग लागली आणि ती रिळे होरपळली. जे वाचवायला पाठवले तेच जळाले. उरलेले तुकडे, चिकटलेली आणि वाकडी झालेली रिळे, अमेरिकेतील अकॅडमीच्या संग्रहात वीस वर्षे जपून ठेवली गेली. पुन्हा कधी ती उपयोगी पडतील असे मानायला त्या वेळी काही आधार नव्हता, तरी कोणी ती फेकली नाहीत. त्या न फेकणाऱ्या अनामिक कारकुनाला किंवा गोदामवाल्याला माझा नमस्कार.

2013 नंतर ही रिळे इटलीतील बोलोन्याच्या लॅबोरेटरीत गेली. उष्णतेने ठिसूळ झालेली फिल्म ग्लिसरॉल, ॲसिटोन आणि पाणी यांच्या मिश्रणात ठेवून पुन्हा मऊ केली. वितळलेला डिंक आणि चिकटपट्टी खरवडून काढली. कडेची दातेरी भोके तुटली होती, ती एकेक करून नव्याने बसवली. हे हातचे काम सुमारे एक हजार तासांचे होते. म्हणजे आठ तासांच्या पाळीने सव्वाशे दिवस. आणि त्यानंतरची संगणकावरची सफाई निराळी. एवढ्या श्रमाने ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हचा सुमारे 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून अधिक भाग कामी आला. ‘अपूर संसार’चे निगेटिव्ह हाताबाहेर गेले होते, तो सबंध चित्रपट दुय्यम प्रतींवरून करावा लागला. मे 1955 मध्ये ‘पथेर पांचाली’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पहिल्यांदा दाखवला होता. मे 2015 मध्ये जीर्णोद्धार झालेले तिन्ही चित्रपट तिथेच दाखवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तबकड्या निघाल्या.

आणि त्या तबकड्या भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रावर चालत नाहीत! ब्लू-रेसाठी कंपन्यांनी जगाचे तीन विभाग पाडले आहेत. अमेरिका पहिल्यात, आपण तिसऱ्यात. बंगालच्या खेड्यातली दुर्गा आणि अपू अमेरिकेच्या कुलपात, आणि किल्ली इथल्या दुकानात मिळत नाही. यात तंत्राची काही अडचण नव्हे. बाजारपेठा विभागण्याची ती हिकमत आहे. इथला संग्राहक खटपटीने कुलूप नसलेले यंत्र मिळवतो तो भाग वेगळा.

कोणी म्हणेल, आता तबकडीची गरज काय, तारेवरून सारे घरी येते. येते खरे, पण ते भाड्याच्या खोलीसारखे येते. जुन्या चित्रपटांसाठी अमेरिकेत निघालेली फिल्मस्ट्रक ही सेवा मालक कंपनीने नोव्हेंबर 2018 मध्ये एका निर्णयाने बंद केली. वर्गणीदारांच्या हाती काही राहिले नाही. ज्याच्या कपाटात तबकडी होती त्याच्याकडे चित्रपट राहिला. संग्राहकांचे सगळेच मला पटते असे मात्र नाही. चित्रपटापेक्षा डबीवर अधिक जीव टाकणारे, मर्यादित आवृत्ती घेऊन ती न उघडताच दुप्पट भावाने विकणारे त्यांच्यात आहेत. सट्टेबाज प्रत्येक बाजारात असतातच.

आपल्याकडे याहून निराळी एक गोष्ट घडली आहे, तिचा मला अभिमान वाटतो. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा 1976 चा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. त्याचे मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होते. त्यावरून मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार घडवून आणला आणि 2024 साली तो कानच्या महोत्सवात दाखवला. ज्या चित्रपटाचे निर्माते पाच लाख तो टिकला. याला मी निव्वळ योगायोग म्हणायला तयार नाही; त्यामागे सहकारी संघ होता, आणि संघ कागद जपतो, डबे जपतो.

ज्यांच्या मागे असे कोणी नव्हते त्यांचे काय झाले? बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 1925 साली ‘सावकारी पाश’ काढला. ना. ह. आपटे यांची कथा. सावकाराच्या कागदात जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो, आणि त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम. आमच्या कित्येकांच्या आजोबांची ही गोष्ट. तो मूकपट आज उपलब्ध नाही. 1931 चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याचीही प्रत नाही. फिल्ममध्ये चांदी असते. ती काढून घेण्यासाठी रिळेच्या रिळे धुतली गेली. जे उरले त्यातले पुष्कळ नायट्रेट पुण्यात जानेवारी 2003 च्या आगीत गेले.

माझ्या मनाला सर्वांत लागते ती ‘मिल’ ऊर्फ ‘मजदूर’ या 1934 च्या चित्रपटाची हकीकत. कथा मुन्शी प्रेमचंदांची, दिग्दर्शक मोहन भवनानी. प्रेमचंद त्यासाठी मुंबईत आले होते आणि त्यांनी त्यात एक छोटी भूमिकाही केली. त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्यांत मोठा सार्वत्रिक संप झाला. अशा वेळी मालक-मजुरांचा झगडा पडद्यावर आणणे सेन्सॉरला मानवणार कसे? मुंबईत त्यावर बंदी आली. उत्तरेत मात्र तो काही ठिकाणी दाखवला गेला. म्हणजे प्रती प्रांताबाहेर गेल्या होत्या. आज त्यातली एकही सापडत नाही. जगातला सर्वांत हुशार संग्राहकही ‘मिल’ची तबकडी पुढच्या महिन्यात निघेल असा अंदाज करू शकत नाही.

तरीपण तुलूझच्या गोदामात काय निघाले ते आपण ऐकले आहे. म्हणून एक कामाची सूचना करतो. आपल्या गावात जुने तंबू-टॉकीज असेल, एखाद्या चित्रपट-वितरकाचे बंद पडलेले घर असेल, तर माळ्यावरचे गंजलेले गोल डबे भंगारवाल्याला घालू नका. लेबल गळाले म्हणून आत काही नाही असे धरू नका. 1950 च्या आधीची फिल्म बहुधा नायट्रेटची; ती चटकन पेट घेते, तेव्हा डबा चुलीजवळ, विडी ओढताना किंवा उन्हात उघडू नका आणि चालते का पाहण्यासाठी यंत्रावर तर मुळीच चढवू नका. उग्र वास आला तर डबा घराबाहेर, सावलीत, हवेशीर जागी ठेवा. आणि पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे कळवा.