महाशब्दे आणि पौंडरीक : जयपुरातील एका मराठी घराण्याची दोन नावे

मराठी आडनावांचे वर्गीकरण सामान्यतः तीन अंगांनी केले जाते. ‘कर’ हा प्रत्यय लागलेली आडनावे गाव सांगतात. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख ही वतन सांगतात. सोनार, वैद्य ही व्यवसाय सांगतात. ह्या तिन्हींत न बसणारा आणखी एक वर्ग आहे, तो म्हणजे मानमरातब व यज्ञकर्म ह्यांवरून आलेली नावे. दीक्षित, अग्निहोत्री ही त्याची परिचित उदाहरणे. ह्या वर्गातील दोन नावे जयपुरातील एकाच महाराष्ट्रीय घराण्यात एकत्र आली आणि त्यांतील दुसऱ्याने पहिल्याला झाकून टाकले. प्रस्तुत लेखात त्या स्थित्यंतराचा विचार करावयाचा आहे.

असे वर्ग केवळ मराठीतच आढळतात असे नाही. इटलीतील ‘रोमानो’ हे आडनाव मूळ रोमच्या माणसाचे, ‘फेर्रारी’ लोहाराचे, तर त्या देशात सर्वाधिक आढळणारे ‘रोस्सी’ हे तांबूस केसांवरून वा वर्णावरून पडलेले आहे. तेथे १५६३ साली समाप्त झालेल्या ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा व विवाह ह्यांच्या नोंदी ठेवणे चर्चना बंधनकारक केले आणि त्या नोंदवह्यांमुळे आडनावे स्थिरावण्यास मोठे साहाय्य झाले. आपल्याकडे अशी एकच एक नोंदव्यवस्था नव्हती. वतनाची कागदपत्रे आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या ह्यांत नावे टिकत. परंतु वतन नसलेले विद्वान घराणे परप्रांतात गेले की त्याच्या नावाला नवे वळण लागण्यास पुष्कळ वाव असे.

रत्नाकरभट्टांचे घराणे असेच होते. काशीत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय पंडितांची परंपरा मोठी आहे. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच परंपरेतील. शांडिल्य गोत्री देवभट्टांचे पुत्र रत्नाकरभट्ट हे काशीतील महाशब्दे कुळातले. आंबेरचा राजा सवाई जयसिंह (१६८८–१७४३) ह्याचे ते गुरू झाले. व्रते व तिथिनिर्णय ह्यांवरील ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा निबंधग्रंथ त्यांनी १७१३ साली राजाच्या नावे रचला. त्या वेळी जयसिंहाचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते आणि जयपूर नगराची स्थापना (१७२७) अद्याप चौदा वर्षे दूर होती. रत्नाकरभट्ट इतिहासाला परिचित आहेत ते मात्र ‘पौंडरीक’ ह्या नावाने. त्यांच्या वंशजांना हेच नाव चिकटले आणि बोलण्यात ते ‘पुंडरीकजी’ असे झाले.

‘महाशब्दे’ ह्या आडनावाचा उगम शोधताना दख्खनच्या शिलालेखांकडे व ताम्रपटांकडे वळावे लागते. कोकणच्या शिलाहारांसारखे मांडलिक आपल्या बिरुदांत ‘समधिगतपंचमहाशब्द’ असे विशेषण मोठ्या अभिमानाने लावीत. पंचमहाशब्द म्हणजे पाच वाद्यांच्या घोषाचा मान. शृंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा अशी त्यांची एक गणना आढळते. हा मान सार्वभौम राजाकडून मिळे आणि तो मिळालेला सामंत इतरांहून वरचा मानला जाई. काश्मीरमध्ये ह्याच शब्दाला निराळा अर्थ होता. कल्हणाच्या राजतरंगिणीत ललितादित्याने निर्माण केलेल्या पाच उच्च अधिकारपदांच्या संदर्भात तो येतो. दोन्ही ठिकाणी राजदत्त प्रतिष्ठा हा अर्थ समान आहे. विद्वान ब्राह्मणकुळाच्या आडनावात त्याची खूण राहावी, ह्यावरून त्या कुळाचा वा त्याच्या पूर्वजांचा एखाद्या दरबाराशी निकटचा संबंध आला असावा, असा तर्क करता येतो. कुलकर्णी, जोशी ह्यांच्या तुलनेत हे आडनाव विरळ आहे आणि ते स्वाभाविकही आहे. गावोगाव वतने होती, पंचमहाशब्दांचा मान मात्र मोजक्यांनाच मिळे.

‘पौंडरीक’ ह्या शब्दाविषयी मात्र गैरसमज होण्याचा संभव अधिक. पुंडरीक म्हणजे श्वेतकमळ. शिवाय मराठी वाचकाला पंढरीच्या पुंडलिकाची आठवण होणारच. तथापि येथे दोन्ही अर्थ अभिप्रेत नाहीत. पौंडरीक हे अकरा दिवस चालणाऱ्या एका सोमयागाचे नाव असून तो करणाऱ्याला ‘पौंडरीकयाजी’ म्हणत. ‘याजी’ गळाले आणि यज्ञाचे नाव हेच माणसाचे नाव झाले. जयसिंहाच्या दरबारातील दुसरे विद्वान, ‘रेखागणित’ आणि ‘सिद्धान्तसम्राट’ ह्या ग्रंथांचे कर्ते जगन्नाथ पंडित हेही परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात आणि तेही ‘सम्राट’ ह्या उपाधीनेच ओळखले जातात. वाजपेय करणारा सम्राट होतो, हा वैदिक संकेत येथे ध्यानात घेण्याजोगा आहे.

उपाधीने आडनावावर मात करावी, ह्याचे कारण त्या दरबाराच्या स्वरूपात आहे. मोगल सत्ता खिळखिळी होत असताना जयसिंहाने आपल्या राजपदाला वैदिक अधिष्ठान देण्याचा प्रयत्न केला. त्याने केलेल्या अश्वमेधाविषयीचे समकालीन पुरावे भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी अभ्यासकांपुढे ठेवले आहेत. जयपूरच्या उत्तरेस वसविलेल्या ब्रह्मपुरीत महाराष्ट्रीय, तेलंग, गुजराती अशा नाना प्रांतांचे ब्राह्मण एकत्र आले. त्यांना परस्परांची कुलनामे अपरिचित असली, तरी यज्ञांची नावे सर्वांनाच ठाऊक होती. ‘महाशब्दे’ ह्या नावातील एकारान्त मराठी कानालाच ओळखीचा. ‘पौंडरीक’ मात्र कोणत्याही प्रांताच्या वैदिकाला तत्काळ उमगे. पूर्वी राजाने वाद्यांचा मान दिला की कुळाची प्रतिष्ठा वाढे. आता त्या कुळातील पुरुषाच्या यज्ञाने राजाची प्रतिष्ठा वाढू लागली. मानाची दिशाच पालटली आणि नावाने त्या पालटाची नोंद ठेवली.

ह्याच काळात जयपुरात ‘दक्षिणी’ ह्या शब्दाला दुसराही अर्थ येत होता. १७३५ मध्ये पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई तीर्थयात्रेस गेल्या असता जयपुरात त्यांचे आदरातिथ्य झाले. १७३६ मध्ये बाजीराव व जयसिंह ह्यांची भेट झाली. जयसिंहाच्या मृत्यूनंतर हे सौहार्द टिकले नाही. वारसाच्या कलहात मराठ्यांनी द्रव्यासाठी लावलेल्या तगाद्याने जेरीस आलेल्या ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये विष घेऊन प्राण दिला, आणि लगेच पुढच्या जानेवारीत नगरात आलेल्या मराठ्यांची तेथील लोकांनी मोठी कत्तल केली. पौंडरीक हे नाव ह्या घटनेच्या कितीतरी आधीचे आहे. भयापोटी ते धारण केले, असे म्हणता येणार नाही. परंतु एकाच शहराने दक्षिणेतून आलेल्या एका माणसाला गुरू म्हणावे आणि दुसऱ्यावर शस्त्र धरावे, हा विरोध लक्षात घेतला म्हणजे प्रांताचा उल्लेख नसलेल्या नावाचे मोल कळते.

ब्रह्मपुरीतील ‘पुंडरीकजी की हवेली’ ही तिच्या दालनातील भित्तिचित्रांमुळे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत गणली जाते. जयपूरच्या राजवाड्यातील हस्तलिखितांचा एक संग्रह ‘पुंडरीक संग्रह’ म्हणून ओळखला जातो. वास्तू आणि ग्रंथ, दोन्ही उपाधीच्या नावे राहिले. ‘महाशब्दे’ हे नाव ह्या दोन्हींवर नाही.

ह्यातून अभ्यासपद्धतीविषयीही काही निष्पन्न होते. बृहन्महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना आपण बहुधा आडनावांच्या याद्या चाळतो आणि ओळखीचे नाव दिसले नाही की त्या ठिकाणी मराठी माणूस नव्हता असे गृहीत धरतो. जयपुरात त्या रीतीने शोध घेतल्यास, ज्या घराण्याने तेथील राजाला गुरू दिला तेच घराणे हातून निसटते. काशी, उज्जयिनी, तंजावर येथील दप्तरेही म्हणूनच उपाध्या, पदे व यज्ञनामे ह्यांच्या अंगाने नव्याने वाचली पाहिजेत. पौंडरीक ह्या शब्दामागे महाशब्दे वाचता आले, तरच ब्रह्मपुरीतील ती हवेली मराठी विद्वत्तेच्या इतिहासातही आपले स्थान घेऊ शकेल.