आजोबांचा प्लॉट आणि झारचा प्लॉट

मराठी मध्यमवर्गीय घरात देव्हारा, पंचांग आणि विकलेल्या जागेची हळहळ या तीन वस्तू असायच्याच. आमच्या आजोबांनी पार्ल्याचा प्लॉट मातीमोल किमतीला फुंकला. आमचे काका, म्हणजे तात्या, दर दिवाळीला फराळाच्या ताटावर बसले की त्या प्लॉटवर एक मजला चढवत. "बाळ्या, आज ती जागा असती ना…!" अशाने इमारत सात मजले झाली होती, वर लिफ्टही आली होती.

एका दिवाळीला मी त्यांच्या समाधानासाठी आजोबांहून मोठा विक्रेता हुडकून काढला. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर! याने १८६७ साली अख्खा अलास्का अमेरिकेला विकला. साडेसदतीस कोटी एकर, ७२ लाख डॉलर. म्हणजे एकराला दोन सेंटसुद्धा नाहीत. रशियाचा वकील रात्री अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याच्या, सीवर्डच्या घरी गेला, तेव्हा स्वारी पत्ते खेळत होती. "उद्या सह्या करू," वकील म्हणाला. "उद्या कशाला? आजच!" म्हणून सीवर्डने डाव मोडला आणि पहाटे चारला सह्या झाल्या. आमच्याकडे पत्त्यांचा डाव मोडून कोणी दार उघडायलासुद्धा उठत नाही.

"मूर्खच म्हणायचा तुझा झार," तात्या खूश झाले. "तिथे पुढे सोनं निघालं ना?"

निघालं. १८९९ साली नोमच्या समुद्रकाठच्या वाळूतसुद्धा निघालं, आणि १९६८ साली प्रुडो बेला तेल लागलं. पण झार काही अगदीच भोळा नव्हता. क्रिमियाच्या युद्धात तिजोरी आटली होती, कातड्यासाठी मारून मारून समुद्री ऊद संपत आले होते, आणि शेजारी इंग्रज बसला होता. आज ना उद्या तो फुकटात घेईल, त्यापेक्षा दोन पैसे पदरात पडलेले बरे, असा हिशेब.

"मग इंग्रजानेच घेतला असता तर?" तात्यांना नवा प्लॉट मिळाला.

ही नुसती थाप नाही बरं का! किनाऱ्याची एक पट्टी १८३९ पासून इंग्रजांच्या हडसन बे कंपनीने रशियन कंपनीकडून भाड्याने घेतलीच होती. भाडं काय, तर वर्षाला ऊदांची दोन हजार कातडी! १८५४ साली, ऐन युद्धात, या दोन कंपन्यांनी आपसांत ठरवलं की राजे लढोत बापडे, आपण आपलं दुकान चालवू. हा समझोता नसता, तर इंग्रजी आरमाराने सिटका सहज घेतलं असतं. मग १८७१ साली ब्रिटिश कोलंबिया कॅनडात गेला, त्याच्या मागोमाग अलास्काही गेला असता. नोमचं सोनं ओटावाच्या खात्यात! आणि झारने विकलाच नसता, तर १९१७ नंतर तिथेही लाल निशाण, आणि समोरच्या कोलिमासारख्या कैद्यांच्या छावण्या.

"आणि तिथली माणसं?" तात्यांनी चकली मोडता मोडता विचारलं. "त्यांचं काय झालं असतं?"

इथे माझा इतिहास जरा अडखळला. अलास्कात रशियन होते जेमतेम काहीशे. बहुतेक मुलूख त्यांनी पाहिलाही नव्हता. सिटकाच्या त्लिंगिट लोकांनी तर १८०२ साली त्यांचा किल्ला जाळला होता. जमीन आमची, रशियन विकणार ती कुठली, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकतो कोण? एका साम्राज्याने विकलं, दुसऱ्याने घेतलं, तिसऱ्याने घेतलं असतं. त्लिंगिट सगळ्या जर-तरमध्ये आपले जागच्या जागी, न विचारलेले. शेवटी १९६८ साली कोर्टाने त्लिंगिट आणि हैडा लोकांना त्यांच्या हिरावलेल्या जमिनींबद्दल सुमारे ७५ लाख डॉलर दिले. झारला मिळाले त्याहून तीन लाख जास्त, पण एकशे एक वर्षांनी! १९७१ च्या कायद्याने मग साऱ्या अलास्कातल्या मूळ रहिवाशांना ४.४ कोटी एकर आणि जवळजवळ शंभर कोटी डॉलर मिळाले.

तात्या बराच वेळ गप्प होते.

"आपल्या प्लॉटच्या कोपऱ्यात एक माळी राहायचा," ते हळूच म्हणाले. "तिथली विहीर त्याच्या बापाने खणलेली. आम्ही तिच्यात पोहायचो. जागा विकली तेव्हा त्याला कोणी सांगितलं होतं का रे?"

मला काय ठाऊक? मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

त्या दिवाळीला आठवा मजला चढला नाही. पुढेही कधी चढला नाही.