उसाच्या ट्रॉलीमागचं लाल फडकं

गावच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा स्मरणिका कमिटीचा आग्रह. काष्टी म्हटलं की शनिवारचा जनावरांचा बाजार आणि दौंड-मनमाड रेल्वे, यांवर सगळेच लिहितात. मी रस्त्यावर लिहितो. दौंड-नगर रस्ता आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा, आणि कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्री त्यावरून जीव मुठीत धरून जायचं, हे इथं कुणाला सांगायला नको.

१९३९ चा जुना कायदा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या २१५ व्या कलमात राज्याची रस्ता सुरक्षा परिषद आणि जिल्ह्याची समिती यांची तरतूद आहे. वाहनामागे लाल रिफ्लेक्टर हवा, हे १९८९ च्या केंद्रीय नियमांत आलं. जानेवारीतला सुरक्षा सप्ताहही त्याच सुमाराचा. सप्ताह म्हणजे शाळेच्या पोरांची फेरी, घोषणा आणि साहेबांचं भाषण. बँकेतर्फे मीही स्टेजवर बसलोय.

मी तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉलीची कर्जं करायचो. सातबारा, जामीनदार, मार्जिन, विमा, आरसी बुकावर बँकेचा बोजा, सगळं तपासायचो. ट्रॉलीला मागं दिवा आहे का, हे एकदाही विचारलं नाही. फॉर्मात तो रकानाच नव्हता. एका हंगामात पंक्चर होऊन उभ्या राहिलेल्या ट्रॉलीवर ओळखीतला एक पोरगा मोटारसायकलसकट मागून आदळला. ट्रॉलीच्या चाकाला दगड लावलेला, मागं बाभळीची एक फांदी टाकलेली. अंधारात ती कुणाला दिसणार? विम्याच्या कागदांबरोबर पंचनाम्याची प्रत टेबलावर आली तेव्हा कळलं, ट्रॉली माझ्याच सहीच्या कर्जातली. पोरगा वाचला, पण एक पाय गेला.

२०१४ साली सुप्रीम कोर्टानं न्यायमूर्ती राधाकृष्णन समिती नेमली आणि राज्यांच्या मागं तगादा लागला. दंडाच्या पैशातून सुरक्षेसाठी वेगळा निधी, अपघाताच्या जागा शोधून दुरुस्त करणं, अशी कामं त्यातून पुढं आली. आपल्याकडं १०८ ची रुग्णवाहिकाही त्याच वर्षीची. २०२१ साली सप्ताहाचा महिना झाला. भाषणं वाढली, ते असो.

पण मला पटलेलं काम वेगळंच. हंगामात आरटीओ आणि पोलीस कारखान्याच्या यार्डात येऊन ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. रस्त्यावर अडवलं तर ड्रायव्हर भाड्याची खेप बुडते म्हणून कुरकुरतो. यार्डात मात्र नंबर लागेपर्यंत तासन् तास उभंच राहायचं असतं, पळून जाणार कुठं? बैलगाडीवाल्यालाही तिथंच गाठता येतं. आता पट्टी चिखलानं माखते, नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकते, म्हणून उसाच्या मोळ्यांवरूनच चमकणारं लाल फडकं सोडायचं. काही ड्रायव्हर ते रिकाम्या खेपेला काढून ठेवतात आणि परत बांधायचं विसरतात. तेवढ्यासाठी दर हंगामात पुन्हा जावं लागतं.

तो पोरगा आता पन्नाशीचा आहे. आपल्या गेटासमोर ट्रॉली बंद पडली की कुबडी टेकत बाहेर येतो. आधी फडकं बघतो. आणि ट्रॉली निघायला लागली की ड्रायव्हरला खाली उतरवून चाकाखालचा दगड रस्त्याच्या कडेला टाकायला लावतो.