आकुर्डी ते चाकण : ड्रेन बोल्टच्या आधारे दुचाकी देखभालीचा इतिहास

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा कारखाने, कामगार आणि नागरीकरण यांच्या अंगाने मांडला जातो. वाहनाच्या देखभालीचा विचार त्यात क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल ड्रेन बोल्टच्या आधारे हा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बजाज ऑटोस १९५९ मध्ये दुचाकी उत्पादनाचा परवाना मिळाला. पियाजिओशी असलेला व्हेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला व १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. आकुर्डीच्या या स्कूटरचे इंजिन टू-स्ट्रोक होते. त्याचे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाई. बोल्ट उघडावा लागे तो केवळ गिअरबॉक्सचे ऑइल बदलताना. पुढे चाकणचा कारखाना उभा राहिला आणि २००१ मध्ये फोर-स्ट्रोक ‘पल्सर’ आली. आकुर्डीतील वाहन उत्पादन २००७ मध्ये थांबले. चाकणमध्येच तयार होणारी केटीएमची ‘ड्यूक’ २०१२ मध्ये, तर कच्च्या रस्त्यांसाठीही योग्य अशी ‘३९० ॲडव्हेंचर’ २०२० मध्ये भारतात दाखल झाली. फोर-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये बहुधा एकच ऑइल इंजिन, क्लच व गिअर यांना पुरते. ते ठरावीक अंतरानंतर बदलावेच लागत असल्याने हा बोल्ट वारंवार उघडला जाऊ लागला.

कारणमीमांसा :
बोल्ट सामान्यतः पोलादी, तर इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे असते. अतिरिक्त जोर लागल्यास मऊ धातूचे आटे आधी जातात. चिखलपाण्यामुळे दोन धातूंच्या सांध्यात गंज धरून बोल्ट जामही होतो. कारखान्यात बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळला जातो; रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मात्र हाताचा अंदाज हेच माप असते. जुन्या वॉशरमधून ऑइल झिरपले की बोल्टच अधिक आवळला जातो. अशा रीतीने दोष वॉशरचा असला, तरी त्याची शिक्षा आट्यांना भोगावी लागते.

प्रतिबंधात्मक उपाय :
बोल्टभोवतीचा चिखल प्रथम स्वच्छ करावा. इंजिन कोमट असताना, नेमक्या मापाच्या सहा बाजूंच्या सॉकेटने बोल्ट सोडवावा. आटे पुसून, नवीन वॉशर घालून बोल्ट प्रथम हातानेच फिरवावा. तो अडल्यास बळ न लावता पुन्हा सरळ बसवावा. अखेरीस पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावा. तरीही आटे गेल्यास तारेच्या स्प्रिंगसारखे नवे आटे बसवून आवरण वाचविता येते.

निष्कर्ष :
या पट्ट्यात अचूकतेचे तंत्र कारखान्याच्या आत रुजले. परंतु ते फाटकाबाहेरील कारागिरापर्यंत त्याच वेगाने पोहोचले नाही. काही रुपयांच्या वॉशरअभावी महागडे आवरण निकामी होते, तेव्हा त्याचा भार ग्राहक व कारागीर या दोघांवरही पडतो. म्हणून टॉर्क पाना आणि त्याच्या वापराचे प्रशिक्षण लहान गॅरेजपर्यंत पोहोचणे, हा औद्योगिक विकासाचाच अपूर्ण राहिलेला भाग होय.